विहीणबाई आणि कल्लाप्पाचे आप्पा

१७ नोव्हेंबर, सोमवार

आजपासून डायरी लिहायची. हौस म्हणून नव्हे, फुकट मिळाली म्हणून. बेळगावातल्या एका हॉस्पिटलनं आमच्यासारख्या गल्लीबोळातल्या दहा डॉक्टरांना एकेक टॅब दिला आहे, आणि टॅबबरोबर ही डायरी. टॅबमध्ये कोलेस्टेरॉलचा सल्ला देणारं सॉफ्टवेअर आहे. पेशंटचं वय, रक्तदाब, साखर, चरबीचे आकडे, घराण्यात कुणाला हार्टचा त्रास होता का, हे सगळं भरायचं. मग स्क्रीनवर हिरवा, पिवळा किंवा लाल रंग येतो आणि गोळी द्यायची की नाही, दिली तर किती, ते सांगतो. हे वापरताना काय वाटतं ते रोज टिपून ठेवा, असं प्रकल्पाच्या दिपाली मॅडमनी सांगितलं. मॅडम म्हणजे माझ्या मुलीच्या वयाची मुलगी. मी "हो हो" म्हटलं. त्यांना दाखवायला काहीतरी वेगळं लिहीन, इथं खरं लिहितो.

वडगावात माझा दवाखाना आहे. आजूबाजूला घराघरात माग चालतात, त्यामुळे माझ्या निम्म्या पेशंटांना कमी ऐकू येतं आणि ते ओरडून बोलतात. त्यांच्या नादानं मीही ओरडतो. "पोट साफ होतं का?" हा माझा प्रश्न गल्लीच्या टोकापर्यंत जातो, आणि उत्तर त्याच्याही पुढं. इतक्या वर्षांत माझा एक लौकिक झालाय, की डॉक्टर सुगत माणसाकडं नुसतं बघून रोग ओळखतात. हा लौकिक बऱ्याच अंशी मीच पसरवलेला आहे.

टॅबचा पहिला मान शालूबाईंना दिला. साठी उलटलेली, साखर आहे, बीपी आहे. स्क्रीन लाल झाली आणि मोठ्या डोसची गोळी सुचवली. मी म्हटलं, आधी निम्म्यानं सुरुवात करू. तर लगेच चौकट उघडली: "आपण सल्ला डावलत आहात. कारण निवडा." खाली चार कारणं आणि पाचवं "इतर". मला लग्नात समोर बसलेली विहीण आठवली. ती तोंडानं काही म्हणत नाही, फक्त ओठ मुडपून वाढप्याकडं बघते. तेव्हापासून टॅबचं नाव विहीणबाई.

२० नोव्हेंबर

दवाखान्यातली मंगल नर्स म्हणाली, "डॉक्टर, तुम्ही त्या डबीशी भांडताय ते बाहेर ऐकू येतंय. पेशंट इचारायल्यात, आत कोन आजारी हाय?"

२८ नोव्हेंबर

"इतर" वर बोट ठेवलं की एक रिकामी जागा येते आणि कारण लिहा म्हणते. आज तिथं "बाईंना भाचीच्या लग्नाला जायचंय, गोळीनं पाय दुखले तर नाचणार कशा" असं लिहिलं. विहीणबाईंनी मुकाट्यानं स्वीकारलं. मग सुचत गेलं. एका पेशंटला "माझा अनुभव", दुसऱ्याला "माझा दांडगा अनुभव", आणि तिसऱ्याला, दुपारी भूक लागली होती तेव्हा, "विहीणबाई, गप्प बसा."

हे सगळं कोण वाचणार? बरं वाटतं मात्र.

७ डिसेंबर

काल निपाणीला जाऊन आलो. सहा डिसेंबरच्या कार्यक्रमानंतर घरी आप्पांजवळ बसलो. आप्पा म्हणजे माझे वडील. तंबाखूच्या वखारीत पोती उचलण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं. आता वय चौऱ्याऐंशी. गंमत म्हणून त्यांचे जुन्या रिपोर्टातले आकडे विहीणबाईंना दिले. स्क्रीन अशी लालभडक झाली की आप्पांनी विचारलं, "कुणाचा फोन आला रं?" मी म्हटलं, तुमच्या रक्तात चरबी लई आहे, मटण बंद करा म्हणतीय. आप्पा म्हणाले, "तिला म्हणावं, तुझा कारखाना उघडायच्या आधीपासनं खातोय."

आप्पांसारखा बाप असला की सॉफ्टवेअरवर विश्वास बसणं अवघड असतं.

१२ डिसेंबर

आज बेळगावात प्रकल्पाची बैठक झाली. लिहू नये असं वाटतंय, पण खरं लिहायचं ठरवलंय.

दहाही डॉक्टर होते. दिपाली मॅडमनी पडद्यावर तक्ता दाखवला आणि त्यात माझं नाव सर्वांत वर होतं. मी खुर्चीत जरा सरळ बसलो, शर्टची कॉलर नीट केली. मग कळलं की तक्ता सल्ला कुणी सर्वाधिक डावलला याचा होता. दहा सल्ल्यांपैकी सात मी धुडकावले होते. तेवढंही चाललं असतं. पण पुढच्या पानावर "इतर" मध्ये लिहिलेली कारणं होती, आणि दिपाली मॅडम ती निर्विकार चेहऱ्यानं वाचू लागल्या. "भाचीच्या लग्नात नाचणार कशा." मग "माझा दांडगा अनुभव." मग, थोडं थांबून, "विहीणबाई, गप्प बसा." सगळे टेबलावर हात आपटून हसले. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "सर, विहीणबाई हे पेशंटचं नाव आहे का?"

परतताना स्कूटरवर थंडी वाजत होती तरी कान गरम होते. घरी हिला, म्हणजे पारमिताला, सगळं सांगितलं. ती कॉलेजात मराठी शिकवते, त्यामुळे लोकांच्या चुका ऐकून घ्यायची तिला सवय आहे. ती म्हणाली, "एक महिना ते सांगतं तसं करून तर बघा." मी ठरवलं, करायचं. उद्यापासून आज्ञाधारक. पुढच्या तक्त्यात माझं नाव तळाला दिसलं पाहिजे.

१५ डिसेंबर, सोमवार

आज्ञाधारकपणाचा पहिला पूर्ण दिवस. सकाळी विहीणबाईंनी एकाला गोळी सुचवली, दिली. दुसऱ्याची वाढवायला सांगितली, वाढवली. मंगलनं विचारलं, "डॉक्टर, बरं हाय न्हवं?"

दुपारी कल्लाप्पा आला. मागल्या गल्लीत त्याचे घरातच चार माग आहेत. वय त्रेचाळीस, अंगानं काटक, विडी-तंबाखू नाही, बीपी चांगलं, साखर नाही. मागवाल्यांसाठीच्या आरोग्य शिबिरात कुणीतरी रक्त तपासलं आणि चरबी जास्त म्हणून कागद हातात दिला, तो घेऊन आला होता. आकडा वाईट होता, पण फार वाईट नव्हता. मी विहीणबाईंचे सगळे रकाने नीट भरले. शेवटी घराण्याचा प्रश्न: वडील किंवा भाऊ यांना लवकर, म्हणजे पंचावन्नच्या आत, हार्टचा त्रास होता का?

विचारलं, "घरात कुणाला हार्टचा त्रास?"

"आप्पा गेलं की हार्टनं."

"वय काय होतं?"

"लई झालतं. ब्याऐंशी म्हनत्यात. जेवून उठलं, हात धुतलं आन् गेलं."

"भाऊ?"

"मी एकलाच."

वडील ब्याऐंशीव्या वर्षी, भाऊ नाही. भरलं. स्क्रीन हिरवी झाली, अगदी पोपटी. "गोळीची आवश्यकता नाही. आहार, व्यायाम, एका वर्षानं पुन्हा तपासणी."

खरं सांगायचं तर मला एक गोष्ट खटकली. त्याच्या पापण्यांवर नाकाकडच्या कोपऱ्यात पिवळसर चट्टे होते. चरबी घराण्यातून आली असली की असे चट्टे कधी कधी दिसतात. माझा हात पॅडकडं गेलाही. महिन्यापूर्वी असतं तर गोळी लिहून "इतर" मध्ये "मला वाटलं म्हणून" असं ठोकून मोकळा झालो असतो. पण मला लगेच त्या हॉलमधलं हसणं ऐकू आलं. हात मागं घेतला. कल्लाप्पाला म्हटलं, "काही नाही, तळलेलं कमी कर."

तो खूश. मी खूश. विहीणबाई तर हिरव्यागार.

२२ डिसेंबर

दिपाली मॅडमचा फोन आला. "सर, या आठवड्यात तुम्ही एकही सल्ला डावलला नाही. एक्सलंट." चौथीत शाबासकी मिळाली होती त्यानंतर आजच एवढा आनंद झाला. पारमिताला सांगितलं तर म्हणाली, "तेव्हा तरी पाढे पाठ होते."

३० डिसेंबर

कडोलीहून बोलावणं आलंय. तिथल्या मराठी साहित्य संमेलनात जानेवारीत विनोदी कथनासाठी पंधरा मिनिटं देतो म्हणाले. कुणीतरी त्यांना माझ्या त्या "इतर" मधल्या कारणांबद्दल सांगितलंय. म्हणजे माझी फजिती आता साहित्य झाली. विषय ठरला: "विहीणबाई आणि मी". सगळी दुपार मी तेच जुळवत होतो, पेशंट मधेमधे येत होते.

कल्लाप्पा आलता. आता मीही आलता-गेलता लिहायला लागलो. खांदा धरलाय म्हणाला, डावा. नव्या सुताचं बीम, म्हणजे ताण्याचा जाड रूळ, मागावर चढवताना कळ येते आणि जरा टेकलं की थांबते.

"दुखतंय की जड वाटतंय?" मी विचारलं.

"जड. कुनीतर पोतं ठेवल्यागत."

मी खांदा फिरवून बघितला, नीट फिरत होता. बीम जड असतंच. विहीणबाईंचा हिरवा रंग ताजा होता. मलम दिलं आणि आठवडाभर बीम दुसऱ्या कुणाकडून चढवून घे म्हटलं. पोत्याची उपमा मात्र चांगली आहे, आप्पांवर बोलताना भाषणात वापरता येईल.

११ जानेवारी, रविवार

आज कडोली. आत्ताच घरी आलोय, गळ्यातला हार अजून खुर्चीच्या पाठीवर आहे.

लोक असे हसले की दोनदा पाण्याचा ग्लास उचलून थांबावं लागलं. सर्वांत जास्त हशा नात्यांच्या प्रसंगाला आला. मी म्हटलं, "विहीणबाई विचारतात, वडील की भाऊ? आता आमच्या भागात अण्णा म्हणजे कुणाचा बाप, कुणाचा थोरला भाऊ. आप्पा म्हणजे बाप, नाहीतर चुलता, नाहीतर सासरा, आणि गल्लीत टक्कल पडलेला कुठलाही माणूस. आक्का म्हणजे बहीण, आई, आणि भाजीवाली. एकत्र घरात जो तो दुसऱ्याचं ऐकून हाक मारतो. बाप आपल्या बापाला आप्पा म्हणतो, म्हणून पोरगंही आज्ज्याला आप्पा म्हणतं. ही एवढी गुंतावळ त्या बिचाऱ्या यंत्राला कुठली कळायला?" मंडप डोक्यावर घेतला लोकांनी.

खाली उतरलो तर चहाजवळ कल्लाप्पा आणि त्याची आई लक्ष्मीबाई. तिचं माहेर कडोलीच, म्हणून मुद्दाम स्कूटरवर बसून आली होती. तोंडाला पदर लावून अजून हसत होती. म्हणाली, "डॉक्टर, अगदी आमच्या घरातलंच सांगितलासा बगा. आमचा कल्लाप्पा आज्ज्यालाच आप्पा म्हनायचा. आनी कुनाला म्हनंल? ह्याचा बा गेला तवा ह्यो चार वर्साचं पोर. आज्ज्यानंच वाढीवला." सामान्य वाचकाची, म्हणजे श्रोत्याची, अशी दाद मिळायला भाग्य लागतं. आज्ज्यानंच वाढवलेलं पोर हा तिचा तपशील मी पुढच्या भाषणात घालणार आहे.

कल्लाप्पा दमलेला दिसत होता. रस्त्यापासून मंडपापर्यंतच्या चढाला दोनदा टेकला म्हणाला, थंडीनं छाती भरल्यागत झाली. मी म्हटलं, कडोलीची थंडी बेळगावापेक्षा कडक, मफलर बांधत जा.

अध्यक्षांनी माझा उल्लेख "डॉक्टरकीला मिळालेला विनोदी लेखक" असा केला. उलट म्हणायला हवं होतं, पण असू दे.

१३ जानेवारी, मंगळवार

सकाळी पोहे खाताना पारमिताला कडोलीचं तिसऱ्यांदा सांगत होतो. लक्ष्मीबाईंचं वाक्य त्यांच्याच आवाजात करून दाखवलं. दोन वेळा ती हसली होती. आज बशीत लिंबू पिळता पिळता म्हणाली, "मग त्याचे वडील कशानं गेले?"

मी म्हटलं, "हार्टनं. ब्याऐंशीव्या वर्षी."

ती म्हणाली, "मुलगा चार वर्षांचा असताना?"

ती माझ्याकडं बघत होती आणि मी पोह्यांकडं. परवाच सबंध तालुक्याला मी सांगत होतो की यंत्राला आमची नाती कळत नाहीत. यंत्रानं वडील विचारले होते. आप्पा म्हणजे बाप, हे मी ठरवलं होतं, कारण निपाणीत माझ्या घरात आप्पा म्हणजे बाप. भाषणात ही चूक मी सविस्तर, हावभावांसह समजावून सांगितली, टाळ्या घेतल्या, आणि ज्याच्या बाबतीत ती केली त्याच्या आईनं समोर येऊन मला ती सांगितली, तर मी तिला श्रोता म्हणून मार्क दिले.

आणि खांदा. बीम चढवताना येणारी, टेकल्यावर थांबणारी, पोतं ठेवल्यासारखी जड कळ. मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाच्या पोराला विचारलं असतं तरी त्यानं सांगितलं असतं. त्या टॅबच्या पहिल्याच पानावर लिहिलंय की छातीत-खांद्यात दुखणाऱ्या पेशंटसाठी हे नाही, त्याला आधी तपासा. ते पान बैठकीत पडद्यावरही दाखवलं होतं, पण मी वाचलं नव्हतं. मी तेव्हा कॉलर नीट करत होतो.

स्कूटर काढली आणि थेट कल्लाप्पाकडं गेलो. दारातूनच मागांचा खडखडाट. लक्ष्मीबाई भिंतीशी सुताच्या कांड्या भरत बसली होती. कल्लाप्पा आतल्या मागावर होता. मी ओरडलो, "तुझे वडील कशानं गेले?"

"आं?"

"वडील! कशानं गेले?"

तो कानाशी हात नेऊन हसला. त्याला वाटलं संमेलनाचंच काही असेल. शेवटी त्यानंच एकेक माग बंद केला. चौथा थांबल्यावर घरात अशी शांतता झाली की मला स्वतःचा श्वास ऐकू यायला लागला.

"बा व्हय?" तो म्हणाला. "बा तर मी बारीक असताना गेलं. हितंच, मागावर. अण्णा म्हनायचो म्हनं मी त्यास्नी. मला काय याद न्हाय."

"वय काय होतं?"

तो आईकडं वळला. लक्ष्मीबाईच्या हातातली कांडी थांबली होती. ती म्हणाली, "अडतीस."

मी त्याला तसाच स्कूटरवर घातला. "अवो, अंगरखा तर घालू द्या," म्हणाला, तोही घालू दिला नाही. दवाखान्यात मंगलनं ईसीजी काढला. कागद हळूहळू बाहेर येत होता. नको तेच दिसत होतं. मंगलनं माझ्या तोंडाकडं बघून न सांगता गाडीवाल्याला फोन लावला. बेळगावच्या हॉस्पिटलपर्यंत मी त्याच्याजवळ बसलो. त्यानं विचारलं, "डॉक्टर, मलमानं जायचं न्हाय व्हय हे?" मी नाही म्हटलं.

१४ जानेवारी

अँजिओग्राफी झाली. हृदयाची मुख्य नळी जवळजवळ बंद होती. स्टेंट घातला. तिथले डॉक्टर म्हणाले, आणखी थोडे दिवस गेले असते तर तो चालत आला नसता. माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "वेळेवर ओळखलंस." मी दरवाज्यातून बाहेर येऊन बाकावर बसलो.

१७ जानेवारी

आज कल्लाप्पाला भेटायला गेलो. सांगायचं ठरवून गेलो होतो. पारमिता म्हणाली होती, "भाषण करू नका, नुसतं सांगा." तरी मी दोन वाक्यं पाठ केली होती, ती तिथं आठवली नाहीत. नुसतं सांगितलं. आप्पा म्हणालास, मी बाप समजलो. खांद्याचंही मी चुकीचं समजलो. गोळी पहिल्याच दिवशी द्यायला हवी होती, आणि तीस तारखेला मलम नव्हे, ईसीजी.

कल्लाप्पानं उशी पाठीमागं सरकवली. मग म्हणाला, "तुमच्यात बाला आप्पा म्हनत्यात व्हय?"

"व्हय."

"आमच्यात आज्ज्याला." आणि हसला. टाके नव्हते तरी छातीला हात लावून हसला.

रूपाली हसली नाही. ती त्याची बायको. पायाशी उभी होती, हातात डबा. म्हणाली, "डॉक्टर, हे दोनदा आलते तुमच्याकडं. आनी कडोलीत तिसऱ्यांदा भेटलं." तिचा आवाज चढलेला नव्हता. मी म्हटलं, हो. ती म्हणाली, "पोरांचं काय?" मी सांगितलं की दोघांचंही रक्त तपासायला हवं, मी स्वतः तपासीन, तुमची इच्छा असेल तर. नाहीतर दुसऱ्या डॉक्टरांकडं चिठ्ठी देतो. ती म्हणाली, सांगते विचारून. तिनं मला बस म्हटलं नाही. मला त्याचा राग आला नाही. दुसरं काही म्हणाली असती तर मलाच विचित्र वाटलं असतं.

१९ जानेवारी

महिन्याभरातल्या ज्या ज्या पेशंटांच्या घराण्याचा प्रश्न मी भरला, त्या सगळ्यांना मंगल आणि मी फोन करतोय. "तुम्ही आप्पा कुणाला म्हणता?" असं डॉक्टरनं सकाळी सकाळी विचारल्यावर लोकांना काय वाटत असेल. एकजण म्हणाले, "का, काय केलंय त्यांनी?" एका बाईंचे अण्णा म्हणजे दीर निघाले. एकांचे आप्पा म्हणजे शेजारी, ज्यांच्याशी रक्ताचं तर सोडाच, बोलण्याचंही नातं नव्हतं. त्यांच्या हृदयामुळं मी या माणसाला गोळी सुरू केली होती. बंद केली. आणखी एकाला सुरू केली, त्यांच्या बाबतीत मी कल्लाप्पासारखंच उलटं भरलं होतं.

दिपाली मॅडमना सगळं कळवलं, माझं नाव घालून. मला वाटलं, पुढच्या बैठकीत पडद्यावर पुन्हा पहिला नंबर. त्यांचा फोन आला. म्हणाल्या, "सर, मी हुबळीची. आम्ही वडिलांना आप्पा म्हणतो. मलाही हे सुचलं नसतं." प्रश्नाच्या आधी आता एक वाक्य येणार आहे: ज्यांनी तुम्हाला जन्म दिला ते वडील. मी सुचवलं, "ज्यांचं नाव रेशन कार्डावर तुमच्या मधल्या नावात आहे ते." त्या म्हणाल्या, बघू.

टॅबला आता विहीणबाई म्हणत नाही. मंगल अजून म्हणते.

२ फेब्रुवारी, सोमवार

आज रूपालीनं पोरांना पाठवलं, लक्ष्मीबाईंबरोबर. स्वतः आली नाही. मुलगी सोळाची, पोरगा बाराचा. मुलीचं रक्त काढताना तिनं डोळे मिटले आणि पोरगा तिला चिडवत होता, मग त्याची पाळी आली तेव्हा तो बाहेर पळाला. मंगलनं गल्लीतून धरून आणला.

पोरं बाहेर गेल्यावर लक्ष्मीबाई बसूनच राहिली. मी विचारलं, "आक्का, तुमचं काही दुखतंय?"

"न्हाय. एक इचारू?"

"विचारा की."

"तुम्ही म्हनलासा, ही चरबी रक्तातनं येती. बापाकडनं लेकाला."

"येते. आता पोरांचं बघायचं ते त्यासाठीच."

"मंजे कल्लाप्पाच्या बालाबी हेच झालतं?"

मी म्हटलं, बहुतेक हेच. वय अडतीस, मागावर बसल्याबसल्या, आणि आता मुलाचं असं.

ती पदराच्या टोकाला पीळ देत होती. म्हणाली, "त्या दिशी सकाळी मी भांडलेली हुती त्यांच्याशी. लई भांडलेली. सुताच्या पैशावरनं न्हाय, आसंच, मला माहेरला जायचं हुतं आन् ते सोडंनात. भाकरी पुढ्यात आपटली. न खाताच उठलं, जाऊन मागावर बसलं. मी चुलीम्होरं रडत बसले, म्हनलं बसू दे उपाशी. मग माग चालायचा आवाज हाय, पन धोट्याचा आवाज येगळाच. जाऊन बगते तर..."

पीळ सोडून म्हणाली, "सासू माझी मरंस्तवर म्हनायची, तूच माझा ल्योक खाल्लीस. मी बी तसंच धरून चालले. पुन्ना कदी कुनावर आवाज चढवला न्हाय मी. कल्लाप्पावरबी न्हाय, सुनंवरबी न्हाय. भ्या वाटायचं." मग तिनं माझ्याकडं बघितलं. "तर डॉक्टर, माझ्या भांडनानं न्हाय गेलं ते?"

खरं म्हणजे मला टक्केवारीत बोलायची सवय लागलीय. इतक्या वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाबद्दल, ज्याची नाडीही मी कधी बघितली नाही, मी "बहुतेक", "शक्यता" असलं काहीतरी म्हणायला हवं होतं. जिभेवर आलंही होतं.

मी म्हटलं, "न्हाय, आक्का. तुमच्या भांडणानं न्हाय."

"खरं?"

"खरं. नळी आधीच बंद होत आली होती. जेवले असते तरी गेले असते."

बाहेर पोरगा बहिणीला कापूस कसा लावायचा ते शिकवत होता. लक्ष्मीबाई गुडघ्यावर हात टेकून उठली, दाराशी गेली आणि थांबली.

"हे माझ्या सासूला सांगायला पायजे हुतं कुनीतर," ती म्हणाली. सासू जाऊन वीस वर्षं झाली आहेत.